मॅप आणि वीकमॅप: वीक असते ती ‘की’, व्हॅल्यू नव्हे

जावास्क्रिप्टमधला मॅप, म्हणजे ‘की’ दिली की तिची व्हॅल्यू काढून देणारा साठा, तुम्हाला येतोच, तो सोडून देऊ. वीकमॅपही त्याच्यासोबतच २०१५ च्या ईएस६मध्ये, म्हणजे भाषेच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत आला. तो ‘की’ सैल धरतो: तिला दुसरं कुणी धरलेलं नसेल तर ती मेमरीतून जाऊ शकते. त्यावर लूप फिरत नाही, साइज कळत नाही, क्लिअर नाही. हे फरक कुठल्याही कोष्टकात सापडतात आणि त्यांनी फारसं कुणाचं अडत नाही.

अडतं भलतीकडेच. संभाजीनगर घ्या नाहीतर नांदेड, जो तो सांगणार: “डेटा वीकमॅपमध्ये टाक, मेमरी भरली तर आपोआप साफ होतो.” नाही होत हो! वीकमॅप म्हणजे कॅशे (पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेला साठा) नव्हे.

लातूरच्या आडत दुकानातली स्क्रीन घ्या. सोयाबीनच्या सौद्यांचं पान सकाळी उघडतं, संध्याकाळपर्यंत कुणी रिफ्रेश करत नाही. प्रत्येक लॉटची एक रो, आणि त्या रोला जोडलेला ऑब्जेक्ट: मॉइश्चर, भाव, कट्टे, हमाली. रो ही ‘की’ करून हे मॅपमध्ये ठेवलं, तर सौदा उरकल्यावर रो पानावरून काढली तरी मॅप तिला सोडत नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या मेमरी टॅबमध्ये हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद) घ्या आणि ‘डिटॅच्ड’, म्हणजे पानावरून सुटलेलं, शोधा, सकाळपासूनच्या सगळ्या रो तिथं बसलेल्या दिसतील. इथं वीकमॅपच हवा. रोला दुसरं कुणी धरलेलं नसेल तर ती आणि तिचा हिशेब, दोन्ही गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी झाडून काढणाऱ्याला) मोकळे. हिशेबात त्याच रोचा रेफरन्स असला तरीही.

आता उलटं करा: लॉट नंबर ‘की’, हिशेब व्हॅल्यू. स्ट्रिंग दिली तर वीकमॅप सरळ टाइपएरर फेकतो. मग आपले हुशार लोक नंबर ऑब्जेक्टमध्ये गुंडाळतात. मग व्हॅल्यू काढताना वीकमॅपच्या ‘गेट’ मेथडला तसाच दुसरा ऑब्जेक्ट दिला तर तो वेगळी ‘की’ ठरतो आणि हाती अनडिफाइंड, म्हणजे काहीच नाही. पहिलाच जपून ठेवावा, तर तो जिवंत आहे तोवर हिशेबही हलत नाही. व्हॅल्यू वीकमॅपमध्येही घट्टच धरलेली असते.

अशा ठिकाणी मी साधा मॅप वापरतो, ५०० नोंदींची मर्यादा घालून. मॅप टाकल्याचा क्रम राखतो, म्हणून पहिली ‘की’ डिलीट केली म्हणजे सगळ्यात जुनी नोंद गेली. २०२१ पासून वीकरेफ, म्हणजे वस्तूला सैल धरणारा रेफरन्स, आहे खरं, पण त्यातली वस्तू कधी जाईल ते इंजिनच्या मर्जीवर. मी त्याच्या वाटेला जात नाही.

आणि सेटइंटरव्हलच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फंक्शनमध्ये, रो अडकली असेल, तर वीकमॅप लावूनही ती सुटणार नाही. आधी क्लिअरइंटरव्हल करून ते थांबवा, मग माझ्याकडे या.