करड्या लगद्याची भीती आली कुठून?

माडावरून नुकतीच उतरवलेली सूर, म्हणजे माडाच्या पोयीतला रस, गोड असते. उन्हं चढेपर्यंत तिला फेस येतो आणि संध्याकाळी तोंडाजवळ नेली की आंबूस वास नाकात शिरतो. ती उतरवणारा रेंदेर त्यात काही घालत नाही. हवेतलं, भांड्याला चिकटलेलं यीस्ट एकाचं दोन, दोनाचं चार होत जातं. साखर संपली आणि दारू चढली की ते आपोआप थांबतं.

ते थांबलंच नाही तर? यीस्टच्या जागी माणसाने घडवलेलं यंत्र असेल आणि त्याला साखरच नव्हे, तर लाकूड, पान, मासा, माणूस असं काहीही चालत असेल तर? जगाचा अंत असा कल्पिणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘ग्रे गू’ म्हणतात. आपण ‘करडा लगदा’ म्हणू. ही गोष्ट काल्पनिक आहे, पण तिचं मूळ चांगल्या गणितात आहे.

सप्टेंबर १९४८मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी एका व्याख्यानात विचारलं, की यंत्र स्वतःसारखं दुसरं यंत्र बनवू शकेल का. अडचण उघड होती. यंत्राच्या पोटात स्वतःचा पूर्ण आराखडा हवा, त्या आराखड्यात आराखड्याचाही आराखडा हवा, आणि हे संपणारच नाही. त्यांनी काढलेली वाट मला आजही थक्क करते. आराखडा एकच ठेवायचा, पण दोनदा वापरायचा. एकदा तो वाचून त्याप्रमाणे नवं यंत्र घडवायचं आणि दुसऱ्यांदा न वाचता त्याची जशीच्या तशी नक्कल करून ती नव्या यंत्रात ठेवायची. पाच वर्षांनी डीएनएची रचना उलगडली आणि पेशीही जवळपास हेच करते हे पुढे कळत गेलं.

इथे गोव्याचा एक धागा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी युनेस्कोची फेलोशिप घेऊन परदेशी गेले होते, ते गणनयंत्रांचा अभ्यास करायला. १९४९च्या एप्रिल-मे महिन्यांत ते प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत राहिले. तिथे ज्यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या, त्यांत फॉन नॉयमनही होते. कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पण या बाजूनेही त्यांच्याकडे पाहायला हवं.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतील. २९ डिसेंबर १९५९ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अणू एकेक करून मांडण्याची कल्पना बोलून दाखवली. १९७४मध्ये जपानचे नोरिओ तानिगुची यांनी अशा अतिसूक्ष्म मापाच्या तंत्राला ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द दिला. १९८०मध्ये नासाच्या अभ्यासगटाने चंद्रावर स्वतःची नक्कल करणारा कारखाना कसा उभारता येईल, याचा आराखडा मांडला.

मग १९८६मध्ये अमेरिकन अभियंते एरिक ड्रेक्सलर यांचं ‘एंजिन्स ऑफ क्रिएशन’ हे पुस्तक आलं आणि ‘ग्रे गू’ हा शब्द लोकांपुढे आला. त्यांचा हिशेब असा: एका सूक्ष्म यंत्राला आपली प्रत काढायला १,००० सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटं लागली, तर दहा तासांत दुपटीचे ३६ फेरे होतात आणि ६,८०० कोटींहून जास्त यंत्रं तयार होतात. दिवस संपायच्या आत त्यांचं वजन एक टन आणि दोन दिवसांच्या आत पृथ्वीहून जास्त. अर्थात, हे कच्चा माल अखंड मिळत राहिला तर! लोकांनी आकडे लक्षात ठेवले, अट सोडून दिली.

एप्रिल २०००मध्ये संगणकतज्ज्ञ बिल जॉय यांच्या गाजलेल्या लेखाने ही भीती घराघरांत नेली. त्याच वर्षी नॅनोतंत्राचे अभ्यासक रॉबर्ट फ्रायटस यांनी मात्र हिशेब उलटा तपासला. नक्कल करायला ऊर्जा लागते आणि ऊर्जा वापरली की उष्णता बाहेर पडते. लगदा झपाट्याने वाढला तर ती उष्णताच त्याची चुगली करील. लपून वाढायचं तर त्याला सुमारे २० महिने लागतील आणि तेवढ्या अवधीत त्याला गाठता येईल. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली यांनी तर अणू पकडून बसवणारी अशी ‘बोटं’च शक्य नाहीत, असं म्हटलं. २००३मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांचं नाव या भीतीशी जोडलं गेलं आणि वर्तमानपत्रांना मथळे मिळाले. २००४मध्ये ड्रेक्सलर यांनी ख्रिस फिनिक्स यांच्याबरोबर लेख लिहून सांगितलं, की सूक्ष्म उत्पादनासाठी मोकाट सुटणाऱ्या यंत्रांची गरजच नाही, जागेवर बसवलेली यंत्रं पुरतात. शब्द देणाऱ्यानेच तो बाजूला ठेवला, पण तोवर तो गावभर झाला होता.

मला याचं दुःख वाटतं, कारण या गोंगाटात खरा प्रश्न मागे पडला. जुलै २००४मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने आणि तिथल्या अभियांत्रिकी अकादमीने अहवाल दिला. कारखान्यांत तयार होणारे सुटे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, फुप्फुसात आणि पाण्यात गेले तर काय होईल, ही त्यातली काळजी होती. नेहमीच्या रसायनाचे कण एवढे बारीक केले की ते नवं रसायन समजून तपासावं, अशी त्यांची शिफारस होती. तिच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

थांबता न येणारी वाढ पाहायला आम्हाला मात्र यंत्र लागत नाही. गावच्या तळीत जलपर्णी माजते, ती दक्षिण अमेरिकेतून आलेली. तिला ऊन हवं आणि सांडपाण्यातलं खत. गेल्या वर्षी पोरांनी छातीभर पाण्यात उतरून ती ओढून काढली. काठावर रचलेला ढीग माणसाच्या उंचीचा झाला होता, हिरवी फुगीर देठं दाबली की स्पंजासारखी चुरचुरत होती. मानसाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, दगडाखाली अडकलेले चार तुकडे हाताला लागले नाहीत. दिवाळीपर्यंत तळी पुन्हा झाकली गेली होती.