पोह्यांवरचं लिंबू आणि मागून येणारा चहा

इंदूरच्या मराठी घरात ‘पोहे’ होतात आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावर ‘पोहा’ मिळतो. एक अनेकवचनी, दुसरा एकवचनी, आणि पदार्थही दोन. घरचे फोडणीवर परततात. ठेल्यावरचा पोहा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या परातीत वाफेवर तासन्‌तास मऊ राहतो. वर बडीशेपेचा वास, मग सेव, कच्चा कांदा, जीरावन हा इंदुरी मसाला आणि शेवटी लिंबू. राजवाड्याजवळ पहाटे उभं राहून खाणारे असोत की रामबागेतल्या आमच्या घरी ताटलीत घेऊन बसणारे, दोघांचा शेवट मात्र एकच: चहा.

त्या चहावरूनच आमच्याकडे वाद झाला. वहिनींचं हिमोग्लोबिन 9.6 आलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दोन महिन्यांनी आकडा जेमतेम 9.9. गोळी कधी घेता असं विचारलं, तर म्हणाल्या, “भाऊजी, विसरायला नको म्हणून सकाळच्या चहाबरोबरच घेते.”

घोळ समजायला आधी शरीराचा हिशेब पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी खिळ्याएवढं. त्यातलं बहुतेक रक्ताच्या तांबड्या पेशींत. या पेशी साधारण 120 दिवस जगतात. मेल्या की त्यातलं लोह शरीर मोडीत काढून पुन्हा वापरतं, अगदी जुन्या भांड्यांवर नवी भांडी घेणाऱ्या गृहिणीसारखं. त्यामुळे पुरुषाला रोज बाहेरून नव्याने लागणारं लोह फक्त 1 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पाळी येणाऱ्या बाईला त्याहून काहीसं जास्त.

मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीत बाईसाठी रोज 29 मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी 19 मिलिग्रॅम कसे? कारण ताटातलं सगळं लोह रक्तात पोहोचत नाही. आपल्या पोळी-भात-डाळीच्या जेवणातून शोषलं जाणारं लोह शेकडा आठच्या आसपास धरलं जातं. बाकीचं आलं तसं निघून जातं. पोषणाच्या तक्त्यांवर विसंबणारे इथेच फसतात. तक्ता सांगतो ते ताटातलं, रक्तातलं नाही.

पोह्यांचंच बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम पोह्यांत 20 मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं, आणि ‘पोहे म्हणजे लोहाची खाण’ हे आपण त्यावरूनच शिकलो. 2017 च्या तक्त्यात तो आकडा साडेचारच्या आसपास आला. धान्याचा गुण एवढा बदलणं कठीण. भात भिजवून, भाजून, दाबून चपटा करताना लोखंडी यंत्राची झीज त्यात मिसळते, आणि जुन्या आकड्यातला बराच भाग तोच असावा असं मला वाटतं. म्हणजे पोहे वाईट नाहीत, पण त्यांच्या भरवशावर हिमोग्लोबिन सोडू नये.

आता लिंबू. धान्यातलं लोह बहुतांश अशा रूपात असतं, की आतड्याच्या अस्तरातून ते सहज आत जात नाही. शिवाय धान्यातली आणि डाळीतली फायटेटं नावाची द्रव्यं त्याला धरून बसतात. लिंबातलं क जीवनसत्त्व दोन कामं करतं. लोहाला शोषल्या जाणाऱ्या रूपात आणतं, आणि फायटेटाच्या तावडीत जाण्याआधी स्वतःच त्याला बांधून विरघळलेलं ठेवतं. पण हे आतड्यात घडायचं तर दोघं एकाच वेळी तिथे हवेत. सकाळी पोहे आणि संध्याकाळी संत्रं, असं जमत नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू फोडणीत न घालता ताटलीत पिळायचं. ठेलेवाला नेमकं तेच करतो, कोणी न शिकवता. मात्र त्याच्या फोडीतून दोन थेंब निघतात, तेवढ्याने फार काही साधत नाही. लिंबू सढळ हाताने पिळावं, किंवा सोबत पेरूच्या दोन फोडी खाव्यात. पेरू लिंबाला कितीतरी मागे टाकतो.

आणि चहा? घरात लोखंडी कढई असेल तर तिच्यात बिनदुधाचा चहा थोडा उकळून बघा. निळसर काळा होतो. चहातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोहाला पकडतात त्याचा हा रंग. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची जुनी शाई याच रसायनाची, आणि लोखंडी भांड्यात ठेवलेला आवळा काळा पडतो तोही यानेच. पोटात असं घट्ट बांधलेलं लोह शोषलं जात नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली जाऊ शकतं. दूध घातल्याने चहा निर्दोष होत नाही. अंतर ठेवलं तर मात्र फरक पडतो, तासाभराचं तरी.

जाता जाता सेवेची बाजूही घेतो. तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, हरभऱ्याच्या डाळीत ते भरपूर. वरण-भाताची जी जोडी, तीच पोहा-सेवेची. फक्त सेव तळलेली आणि खारट, आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पोह्यांवर जिलबी हा वेगळाच विषय. त्यावर इंदुरात राहून लिहिण्याची माझी हिंमत नाही.

वहिनींच्या गोळीचा सगळा दोष चहाला देता येणार नाही. रक्त कमी असण्याची कारणं बरीच असतात: पाळीत जास्त रक्तस्राव, जंत, बी 12 किंवा फोलिक आम्लाची कमतरता, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहकत्व. म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत, कारण नको असलेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. पण हा प्रश्न वहिनींपुरता नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांत 57 टक्के, आणि मध्य प्रदेशात 54.7 टक्के, रक्तक्षयाच्या निघाल्या.

डॉक्टरांना विचारून गोळी दुपारी, जेवणापूर्वी लिंबूपाण्याबरोबर झाली. सकाळच्या पोह्यांवर लिंबाची अर्धी फोड पूर्ण पिळली जाते. चहा साडेनऊपर्यंत थांबतो. पहिले आठ दिवस वहिनी घड्याळाकडे बघत बसायच्या. “भाऊजी, चहाशिवाय पोहे घशाखाली उतरतात का?” असं रोज विचारायच्या. तीन महिन्यांनी आकडा 11.2 आला. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय, त्याच्या शेजारी चहाचा डबा.