राष्ट्रीय सुट्टी वाढवायची म्हणजे नेमकी कुणाची?

अमुक दिवस राष्ट्रीय सुट्टी म्हणून जाहीर करा, ही मागणी दर वर्षी कुठल्या तरी जयंतीच्या सुमारास पुढे येते. ती मान्य झाली की नवी मुंबईतलं कोकण भवन हे राज्य सरकारी कार्यालय, वाशीतली बँक, रबाळ्याचा कारखाना आणि ऐरोलीचं आयटी पार्क एकाच दिवशी बंद राहील, अशी समजूत असते. तसं घडत नाही, कारण 'सुट्टी' या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजेतून आलेले हुकूम एकत्र राहतात.

यातला सर्वांत जुना हुकूम उधारीचा आहे. परक्राम्य संलेख कायदा, 1881 हा हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेक यांचा कायदा. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी हुंडीची मुदत भरली तर पैसे कधी द्यायचे? कलम 25 सांगतं की आदल्या कामकाजाच्या दिवशी. इथे अनेकांची गल्लत होते, कारण सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात कागद दाखल करण्याचा शेवटचा दिवस सुट्टीत आला तर 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे तो कार्यालय पुन्हा उघडेल त्या दिवशी चालतो. देणं अलीकडे सरकतं, अर्ज पलीकडे. आता सुट्टी कोणती हे राजपत्रात छापल्याशिवाय कसं कळणार? म्हणून यादी आली. महाराष्ट्राची वार्षिक अधिसूचना आजही याच कलमाचा आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने 8 मे 1968 रोजी राज्याला दिलेल्या अधिकाराचा हवाला देते. 2025 च्या यादीत असे 24 दिवस होते. त्याखेरीज 1 एप्रिल फक्त बँकांना, वार्षिक हिशेब मिटवायला. आणि भाऊबीज फक्त राज्य सरकारी कार्यालयांना, बँकांना नाही.

कामगाराची सुट्टी वेगळ्या वाटेने आली, आणि त्या वाटेचं एक टोक ठाण्यात आहे. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 मध्ये ठाण्यातला. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची मागणी लेखी मांडली. गिरणीमालकांच्या संघटनेने ती 10 जून 1890 रोजी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. सणावारी भरपगारी सुट्टी त्यात नव्हती.

'राष्ट्रीय सुट्टी' हा तिसरा प्रकार. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे तीन दिवस देशभर पाळले जातात. केंद्र सरकारची कार्यालयं दर वर्षी निघणाऱ्या परिपत्रकावर चालतात: 14 सक्तीच्या सुट्ट्या (हे तीन दिवस त्यातच), शिवाय 12 सणांच्या यादीतून राज्यागणिक निवडलेले 3 दिवस. वैयक्तिक निवडीच्या 2 ऐच्छिक सुट्ट्या निराळ्या. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या वेतन आयोगाने 2008 मध्ये सुचवलं होतं की कार्यालयं फक्त तीन राष्ट्रीय दिवशी बंद ठेवा आणि ऐच्छिक सुट्ट्या 2 वरून 8 करा. ज्याचा सण, त्याची रजा. सूचना शहाणपणाची होती. ती स्वीकारली गेली नाही.

खासगी दुकानं आणि कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा पाहावा लागतो. मूळ कायदा 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला. त्यात वर्षाला 8 भरपगारी सुट्ट्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. ऐरोलीत परदेशी ग्राहकाचं काम करणारी कंपनी त्या ग्राहकाच्या सणाची सुट्टी देते ती या चारांत बसवून. राज्याच्या यादीत पंचविसावा दिवस घातला तरी हा आठाचा आकडा हलत नाही. नाक्यावरच्या रोजंदारीवाल्याला तर सुट्टी म्हणजे खाडाच.

याखाली आणखी एक थर आहे, स्थानिक सुट्टीचा. ती जिल्हाधिकारी जाहीर करतात, आणि नवी मुंबई म्हणून आपण ज्याला ओळखतो ते शहर दोन जिल्ह्यांत पडतं. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात. खारघर, कामोठे, उलवे रायगडात. म्हणजे बेलापूरला स्थानिक सुट्टी असेल त्या दिवशी एकच स्टेशन पुढे, खारघरला, ती असेलच असं नाही.

2025 च्या ईद-ए-मिलादला हा गुंता ठळक दिसला. सुट्टी शुक्रवारी, 5 सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणून मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरती ती सोमवार, 8 सप्टेंबरवर ढकलली गेली. ठाण्यासह बाकी राज्यात 5 तारीखच राहिली. ठाण्यात राहून मंत्रालयात नोकरी करणाऱ्याला सोमवारी सुट्टी, ठाण्याच्या सरकारी कार्यालयातल्या त्याच्या शेजाऱ्याला शुक्रवारी. रिझर्व्ह बँकेलाही सरकारी रोखे आणि परकीय चलनाचे व्यवहार 5 ऐवजी 8 ला बंद ठेवावे लागले.

राज्य सरकारी कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून सुरू झाला आणि बदल्यात वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 झाली. त्यानंतर शनिवारी येणारी सुट्टी कर्मचाऱ्याच्या हिशेबी बुडीतच. अमुक जयंती शनिवारी आली म्हणून कुरकुर वाढली, त्याचं मूळ इथे.

नव्या सुट्टीच्या मागणीवर न्यायालयाचं म्हणणं स्पष्ट आहे. दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन, 2 ऑगस्ट, पुन्हा सुट्टी म्हणून जाहीर करावा ही याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये फेटाळली. सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, आणि सुट्ट्या वाढवण्यापेक्षा कमी करण्याची वेळ आली असावी, असं न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने म्हटलं.

तेव्हा नव्या दिवसाची मागणी करणाऱ्याने आधी यादी निवडावी. केंद्राचं परिपत्रक बदललं तर केंद्राचे कर्मचारी घरी बसतील, कलम 25 खाली अधिसूचना निघाली तर बँका बंद राहतील, आणि दुकानातल्या कामगाराला दिवस हवा असेल तर विधिमंडळात कायदाच दुरुस्त करावा लागेल. 1 मे हे हाताशी असलेलं उदाहरण. तो राज्याच्या यादीत आहे, दुकाने कायद्यातही आहे; केंद्राच्या 14 दिवसांत नाही आणि त्या 12 सणांतही नाही. त्या दिवशी सीबीडी बेलापूरला कोकण भवन बंद असतं, आणि जवळच्याच सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या केंद्राच्या कार्यालयांना तो कामाचा दिवस.