इंग्रजी वाचनसराव (बेळगाव सीमाभाग)

परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींनी सणवार, खाणेपिणे, बाजारहाट, प्रवास, कामधंदा अशा रोजच्या जगण्यावरचे लहान उतारे वाचून त्यांवरचे प्रश्न सोडवण्याचा अभ्यास. वयोगट साधारण आठवीपासून पीयूसीपर्यंतचा (कर्नाटकातली अकरावी-बारावी), म्हणजे तेरा ते अठरा वर्षांचा. उतारा शंभर-सव्वाशे शब्दांपासून चारशे-पाचशे शब्दांपर्यंत असतो. आधी काही नवे शब्द, मग उतारा, त्याखाली आकलनाचे प्रश्न आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतःबद्दल चार ओळी लिहाव्यात असा एखादा भाग, अशी त्याची रूढ मांडणी आहे. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांपुरती ही नोंद आहे. घरात मराठी, कचेरीत आणि बसच्या पाटीवर कन्नड, टीव्हीवर हिंदी अशा वातावरणात ही मुले वाढतात. इंग्रजी दहावीपर्यंत एक विषय म्हणून भेटते आणि अकरावीला एकदम शिक्षणाचे माध्यम होऊन बसते.

बेळगावात इंग्रजी शिक्षण जुने आहे. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर येथे लष्करी छावणी झाली, मिशनऱ्यांचे काम सुरू झाले आणि कॅम्पातील सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासून चालू आहे. पण हे इंग्रजी बराच काळ कॅम्प आणि शहरातील सुस्थितीतली घरे यांच्यापुरते राहिले. तालुक्याच्या गावांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवरचे मराठी शाळाशिक्षण होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी शाळा राहिल्या, मात्र अभ्यासक्रम, परीक्षा आणि पाठ्यपुस्तके कर्नाटकाची झाली. त्यामुळे शिनोळीपलीकडे चंदगड तालुक्यातला मामेभाऊ बालभारतीचे इंग्रजी पुस्तक वाचतो आणि अलीकडच्या गावातला आतेभाऊ कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचे. दोघे दिवाळीच्या सुट्टीत एकत्र बसले, तर गणिताची उदाहरणे एकमेकांना सांगू शकतात. इंग्रजीचा धडा मात्र सामायिक नसतो.

पहिलीपासून इंग्रजी विषय महाराष्ट्राने २००० साली आणला, कर्नाटकाने २००७-०८ मध्ये. कर्नाटकात इंग्रजीची पहिली, दुसरी आणि तिसरी भाषा अशी वेगवेगळ्या काठिण्यपातळीची पुस्तके असतात. मराठी शाळेत पहिली भाषा मराठी असल्याने कन्नड आणि इंग्रजी यांपैकी कोणती दुसरी ठरते, यावर मुलाच्या हातात कोणते इंग्रजी पुस्तक पडणार हे अवलंबून असते. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे शाळांना बंधनकारक केले. सीमाभागातील भाषावादात या कायद्याची चर्चा बहुतेक वेळा मराठी विरुद्ध कन्नड अशीच झाली. इंग्रजीच्या पुस्तकाची पातळी बदलते, हा त्याचा दुसरा परिणाम फारसा कोणी बोलून दाखवला नाही.

लिपींचा भार हा येथील वाचनाचा पहिला प्रश्न. मूल देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या जवळजवळ बरोबरीने शिकते. पहिल्या दोन लिप्यांत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असते. रोमनमध्ये ते तुटते. मराठी आणि कन्नड दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून लांब इंग्रजी वाक्य वाचताना मुलाची नजर शेवटाकडे धावते आणि मधले क्रियापद हातातून सुटते. नववीतल्या मुलाला प्रत्येक शब्दाचा अर्थ येतो आणि वाक्याचा येत नाही, अशी शिक्षकांची तक्रार असते, तिचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते.

याच त्रिभाषिकतेचा फायदाही आहे आणि तो वर्गात क्वचितच वापरला जातो. मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हे घेतली, म्हणून 'बँक' आणि 'ऑफिस' हे मराठी मुलाला जसेच्या तसे लिहिता येतात. कन्नडात 'ब्यांक' आणि 'आफीस' अशी रूढ लेखने आहेत. उलट ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांचा भेद कन्नडात आहे, मराठीत नाही. इंग्रजीत चाचणी आणि चव या अर्थाचे दोन वेगळे शब्द देवनागरीत 'टेस्ट' असे एकच दिसतात. कन्नड वाचता येणाऱ्या मुलाला तो फरक त्या लिपीत लिहून दाखवता येतो. मुलाकडे दोन्ही लिप्या असल्याने इंग्रजी स्वरांचा बराच मोठा पट त्याला आधीच ठाऊक असतो. भाषांचे हिशेब ज्या शाळांत वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात, तेथे ही गोष्ट सुचत नाही, इतकेच.

वर्गातील प्रत्यक्ष पद्धत अजूनही बरीचशी भाषांतराची आहे. सर किंवा टीचर एक ओळ वाचतात, तिचा मराठीत अर्थ सांगतात, मुले कठीण शब्दांवर पेन्सिलीने मराठी अर्थ आणि बऱ्याचदा देवनागरीत उच्चारही लिहून घेतात. धडा संपला की प्रश्नोत्तरे फळ्यावर येतात, ती वहीत उतरतात आणि घटक चाचणीआधी पाठ होतात. गाईड असले, तर फळ्याचीही गरज उरत नाही. या पद्धतीला सरसकट नावे ठेवणे सोपे आहे. पण साठ मुलांच्या वर्गात, जेथे घरी इंग्रजी वाचणारे कोणी नाही, तेथे ओळीचा अर्थ मराठीत मिळणे हाच पुष्कळांचा एकमेव आधार असतो. अडचण पुढच्या पायरीवर येते. देवनागरीत लिहिलेला उच्चार एकदा वर आला, की डोळा खालची इंग्रजी ओळ वाचतच नाही; महिनाभराने तेच पान रिकामे दिले, तर मूल अडखळते. अनुभवी शिक्षक म्हणून उच्चार लिहू देतात, पण दुसऱ्या वाचनाआधी खोडायला लावतात.

उतारा किती सोपा असावा, याविषयी वाचनशास्त्रात बऱ्यापैकी एकमत आहे. शंभरातले ९५ ते ९८ शब्द ओळखीचे असले, तरच वाचक उरलेल्यांचा अंदाज संदर्भाने बांधू शकतो. त्याखाली वाचन म्हणजे शब्दकोशाची उलटापालट होते. मोजक्या शब्दसंख्येत बांधलेल्या वाचनमालांचा विचार आपल्याच उपखंडात पुढे आला: १९२० च्या दशकात ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता येणे अधिक उपयोगाचे आहे, असे मांडले आणि शब्द मोजून धडे तयार केले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी सुमारे २,००० शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सीमाभागातल्या मुलांची गरज त्या बंगाली मुलांच्या गरजेच्या फार जवळची आहे. इंग्रजीत गप्पा मारण्याचे प्रसंग त्यांना रोज येत नाहीत. इंग्रजी पान समोर येण्याचे मात्र रोज येतात.

शब्दांइतकाच विषयाचा परिचय महत्त्वाचा. परदेशी वाचनमालांत बर्फातला नाताळ, रविवारचा ब्रंच, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी विद्यार्थिनी हे 'रोजचे जगणे' असते. जांबोटीच्या मुलीला त्यातले शब्द अडतात आणि प्रसंगही अडतो. एकाच वेळी दोन कोडी सोडवावी लागली, की ती दोन्ही सोडून देते. म्हणून स्थानिक विषयांचे उतारे तयार करण्याकडे शिक्षकांचा कल वाढला, आणि तेथे सणांची गर्दी झाली. गणपती, दसरा, सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा, वैशाखात तिथीप्रमाणे होणाऱ्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट या मिठाया, गोकाकचा धबधबा, १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत भरलेले काँग्रेस अधिवेशन. विषय चांगले आहेत, मुलांना वाचायला आवडतात, पाहुण्यांसमोर वाचून दाखवायलाही बरे. मात्र सणाचा उतारा भाषेच्या अंगाने पातळ असतो. आम्ही लवकर उठतो, नवे कपडे घालतो, देवळात जातो, गोड खातो, मजा येते. गणपतीच्या जागी दिवाळी घातली, तरी वाक्ये तीच राहतात, आणि अशा पाच उताऱ्यांनंतर मुलाच्या हाती नवे व्याकरण फारसे लागत नाही.

कामधंद्यावरचे उतारे यापेक्षा किती तरी सकस असतात, आणि सीमाभागात त्यांना तोटा नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यातले गुऱ्हाळ घ्या. रस गाळला जातो, काहिलीत ओतला जातो, चुलवाणात चिपाड घातले जाते, उकळी आली की मळी काढली जाते, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक हातात घेऊन पाहतो आणि मगच काहील उतरवली जाते. हे इंग्रजीत लिहिताना कर्मणी प्रयोग आपोआप येतो, 'आधी', 'त्यानंतर', 'तोपर्यंत' असे क्रमदर्शक शब्द येतात, तापमान आणि वजन येते, कारण आणि परिणाम येतो. खानापूरची मातीची भांडी, तेथलीच पावसातली भाताची लावण, शहापूर-वडगावचे माग, उद्यमबागेतील फौंड्रीत वाळूचा साचा कसा करतात आणि वितळलेले लोखंड कसे ओततात, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, पहाटे गोव्याला निघणारी भाजीची गाडी: या प्रत्येकात प्रक्रिया आहे. मुलाने ती पाहिलेली असते, बऱ्याचदा सुट्टीत हातही लावलेला असतो. विषय त्याला शिक्षकापेक्षा जास्त कळतो. वर्गात नेहमी गप्प बसणारा मुलगा अशा उताऱ्यात 'मळी आधी काढतात, मग उतरवतात, पुस्तकात उलटे लिहिलेय' असे सांगायला उठतो, आणि ते सांगण्यासाठी त्याने ओळ नीट वाचलेली असते.

याचे महत्त्व अकरावीत कळते. पहिल्या पीयूसीला विज्ञान घेतले, की एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची इंग्रजी पुस्तके समोर येतात; वाणिज्य शाखेचे शिक्षणही बहुतांशी इंग्रजीतच चालते. मराठीतून दहावीला चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी पहिले काही महिने मुका होतो, ही सीमाभागातल्या प्रत्येक घराला ओळखीची गोष्ट आहे. पुढे अभियांत्रिकी, जिच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे, तीही इंग्रजीतच. भौतिकशास्त्राच्या पानावरचे इंग्रजी सणाच्या निबंधासारखे नसते. ते गुऱ्हाळाच्या उताऱ्यासारखे असते. व्याख्या, क्रम, अट, परिणाम. आठवी ते दहावीचा वाचनसराव या दिशेने वळवला, तर पीयूसीचा धक्का पूर्ण टळणार नाही, पण मुलाला वाक्याची ठेवण तरी अनोळखी वाटणार नाही. पालक यावर दुसरा उपाय शोधतात: पहिलीपासूनच इंग्रजी माध्यम. प्राथमिक शिक्षणात मातृभाषेचे माध्यम सरकार सक्तीने लादू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात ६ मे २०१४ रोजी दिला, आणि तो मार्ग कायद्यानेही मोकळा झाला. मराठी शाळांच्या घटत्या पटामागे जी कारणे सांगितली जातात, त्यांत दहावीनंतरच्या इंग्रजीची धास्ती बरीच वर आहे.

परीक्षेचा प्रभाव येथेही आहेच. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, इंग्रजी प्रश्नपत्रिकेत न वाचलेला उतारा, दिलेल्या माहितीवरून व्यक्तिपरिचय, चित्रवर्णन आणि पत्र असे प्रकार असतात. उताऱ्यावरची उत्तरे उचलून लिहिता येतात, हे मुलांना लवकर कळते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. गुण मिळतात, अर्थ कळलेला असेलच असे नाही. यावर उपाय म्हणून काही शिक्षक उत्तर मराठीत लिहायला सांगतात. इंग्रजीच्या तासाला मराठी उत्तर हे तपासणीस येणाऱ्यांना रुचत नाही, तरी वाचन कळले की नाही हे पाहण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

शाळेबाहेर वाचनाच्या जागा मर्यादित पण खऱ्या आहेत. मराठी वाचनाची परंपरा भागात घट्ट आहे: बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेला 'तरुण भारत' घरोघरी येतो, कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावे स्वतःची मराठी साहित्य संमेलने भरवतात. गावच्या वाचनालयांत इंग्रजी कपाट असले, तर त्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तके अधिक. पंधरा वर्षांच्या मुलाने हौसेने उचलावे असे पातळ इंग्रजी पुस्तक सहसा नसते. ती जागा मोबाइलने घेतली आहे. क्रिकेटच्या बातम्या, गेममधल्या सूचना, व्हिडिओखालची इंग्रजी पट्टी, ऑनलाइन अर्ज, लष्करभरतीची सूचना. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने शेवटची गोष्ट गावातली मुले फार बारकाईने वाचतात: उंची, वय, कागदपत्रे, तारीख, 'जोपर्यंत', 'वगळून', 'अन्यथा'. चुकीच्या वाचनाची किंमत येथे लगेच मोजावी लागते. काही शिकवण्यांमध्ये अशा सूचना, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, खताच्या पिशवीवरचे प्रमाण, बँकेचा खाते उघडण्याचा अर्ज यांच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटतात. प्रश्न अगदी साधे असतात: एकरी किती घालायचे, जेवणाआधी की नंतर, कोणत्या रकान्यात सही. मुले हे कागद घरी नेतात, आणि पुष्कळदा आईवडिलांना तेच वाचून दाखवतात.