एमसीबी वायरीला वाचवतो, तुम्हाला नाही

पुण्यात पहाटेचा पारा दहाच्या आसपास घुटमळायला लागला की माळ्यावरून पाणी तापवायचा रॉड खाली उतरतो आणि त्याच्यासोबत दरवर्षीचं वाक्यही: "आमच्याकडे एमसीबी आहे, काही होत नाही." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे ऐकलंय, शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय, एकदा तर खुद्द वायरमनच्या तोंडून ऐकलंय.

एमसीबी सगळ्यांच्या ओळखीचा. पेठेतल्या वाड्यात पांढरा चिनी मातीचा फ्यूज असायचा, लाइट गेली की आजोबा स्टुलावर चढून त्यात तार गुंडाळायचे. त्याचाच हा नातू. लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो, म्हणजे वायर तापून पेटत नाही. झालं त्याचं काम.

दुसरी वस्तू आरसीसीबी, करंट बाहेर गळाला की लाइन तोडणारी डबी. दुकानात तिला अजून सर्रास ईएलसीबीच म्हणतात. जुना ईएलसीबी वेगळ्या तत्त्वावर चालायचा, पण नावावरून भांडायला मला वेळ नाही. ओळखायची खूण सोपी: रुंद डबी आणि त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण.

आता खरा घोळ. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. रॉड फुटलाय, फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, पाण्यात उतरलीय आणि तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून 'तापलं का' बघायला बादलीत बोट घातलं. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरा. अंगातून जमिनीत जाणारा करंट झाला ०.२३ अँपिअर. हृदय बंद पाडायला एवढा पुरतो. आणि एमसीबीला काय दिसतं? साडेसहाच्या जागी पावणेसात. तो १६ अँपिअरचा. त्याच्या हिशेबी घरात सगळं आलबेल आहे.

आरसीसीबी किती वीज खाल्ली ते बघतच नाही. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, एवढंच तो तोलत बसतो. ३० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, कमी परत आला की सेकंदाच्या लहानशा तुकड्यात लाइन तोडतो. शॉक जाणवेल, पण हात सुटेल. घेताना ३० चाच घ्या. १०० चा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, तो माणसासाठी नाही. उलट ओव्हरलोड आरसीसीबीला कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात. दोन्ही कामं करणाऱ्या डबीला आरसीबीओ म्हणतात. गिझरच्या लाइनवर मी तोच बसवलाय.

आणि हो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले, तर गेलेलं सगळं परत येतं. मग आरसीसीबीच्या लेखी तुम्ही म्हणजे आणखी एक बल्ब. त्यामुळे बटण बंद, पिन बाहेर, मगच पाण्यात हात. यात तडजोड नाही.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो 'डायरेक्ट' करून देण्यावर, म्हणजे ही डबी वगळून लाइन सरळ जोडून देण्यावर. मागच्या जानेवारीत आमच्याकडे गिझर लावला की दोन मिनिटांत अख्खं घर अंधारात. आलेल्या वायरमनने निदान केलं: "ईएलसीबी खराब आहे साहेब, डायरेक्ट करून देतो." मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याने गिझर उघडला. एलिमेंटवर खडूसारखा क्षाराचा थर, आमच्याकडे टँकरने बोअरचं पाणी येतं त्याचा. थर खरवडल्यावर खाली नळीला केसाएवढी चीर. डबी खराब नव्हती, ती दोन आठवडे ओरडून सांगत होती.

'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर डबी बदला. पडला तरी अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, ठीक आहे असं समजू नका, कारण ते बटण अर्थिंग तपासतच नाही. अर्थची वायर तुटलेली असली तरी खटका पडतोच. अर्थिंग वायरमनकडून वेगळं मोजून घ्यावं लागतं. आणि रॉडच्या तीन पिनांतली जाड, म्हणजे अर्थची, पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबणाऱ्यांनी तर मोजायच्याही भानगडीत पडू नये, आधी नवा प्लग आणावा.