जोसनचे किनारी इशारा-बुरूज आणि 1597चा निर्णय

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्याला धास्ती होती ती जपानकडून येणाऱ्या गलबतांची. धूर आणि आगीच्या खुणांची चार पायऱ्यांची पद्धत गोर्यो राजवटीत, 1149 साली ठरली. तिच्यानंतरच्या जोसन राजवटीच्या दरबाराने 1419मध्ये त्या पद्धतीच्या पाच पायऱ्या केल्या. दिवसा धूर, रात्री आग. सारे ठीक असेल तर एक, शत्रूची गलबते समुद्रात दिसली तर दोन, किनाऱ्याजवळ आली तर तीन, पाण्यावर लढाई जुंपली तर चार, शत्रू उतरला तर पाच. म्हणजे काही घडले नाही तरी रोज एक पेटवायचेच. ती खूण दिसली नाही, तर पुढच्या चौकीने काळजीत पडावे.

किनाऱ्यावरचे बुरूज आतल्या डोंगरचौक्यांपेक्षा भक्कम असत. दगडी चौथरा, भोवती खंदक, त्यात टोकदार खुंट, कारण पहिला घाव त्यांच्यावरच पडणार. 15व्या शतकातल्या कायदेसंहितेत आतल्या चौकीला 6 पहारेकरी आहेत, किनाऱ्यावर 10. एकट्या जेजू बेटावर 38 किनारी बुरूज आणि 25 डोंगरचौक्या होत्या. हे काम पिढीजात, आणि करणाऱ्यांना समाजात मान नव्हता. धुके दाटले की त्यांनीच धावत पुढच्या चौकीवर जाऊन वर्दी द्यायची.

1592ची जपानी स्वारी आली आणि सगळा दोष याच माणसांच्या माथी आला. दक्षिणेच्या बुसान बंदरापुढे चौथ्या चांद्र महिन्याच्या 13 तारखेला शत्रू आला, राजधानी सोलला लेखी खबर पोचली 17 तारखेला. आगीची खूण अर्ध्या दिवसात पोचायला हवी होती. पण किनाऱ्यावरचे पहारेकरी झोपले नव्हते: 90हून अधिक गलबते बुसानकडे निघाल्याची वर्दी त्यांनीच ठाण्यावर जाऊन दिली होती. साखळी तुटली ती त्यापुढे.

त्यातून 1597चा वाद उभा राहिला: खबर आगीने द्यायची की निरोप नेणाऱ्या जासुदांनी? जासुदांच्या बाजूचे म्हणणे असे की आग शत्रूची संख्या सांगत नाही, गुप्तता राखत नाही. जासुदाकडे मोहोरबंद पत्र असते. ते खरेच होते. म्हणून टप्प्याटप्प्यावर ठाणी बसवली गेली, घोडेस्वारांसाठी 25 री (री हे कोरियातले अंतराचे माप) अंतरावर, पायी जासुदांसाठी 30. मात्र घोडे मिळाले चीनकडे जाणाऱ्या वाटेला. ज्या वाटेने संकट आले होते, त्या बुसानच्या वाटेवर माणूस पायीच धावत राहिला. बुरूज बंद झाले नाहीत, पण त्यांच्या पहाऱ्याची दुरवस्था तशीच राहिली. दोन्ही व्यवस्था अर्धवट पोसण्याचा हा निर्णय मला चुकीचा वाटतो.

1796मध्ये सुवॉनच्या तटावर पाच धुराड्यांचा विटांचा बुरूज उभा राहिला, किनाऱ्यापासून दूर. 1880च्या दशकात सोलपासून बुसानपर्यंत तारायंत्र आले आणि 1894-95च्या सुधारणांत आगीची साखळी मोडीत निघाली. सोलच्या नामसान डोंगरावर या साखळीच्या पाच वाटा येऊन मिळत. तिथल्या पाच चौक्यांपैकी एक 1993मध्ये पुन्हा बांधली आहे.