मॅरेथॉनवाला दार्युश वेगळा, सिकंदरवाला वेगळा

"दार्युश ग्रीकांकडून हरला" असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठला दार्युश? कारण मॅरेथॉनच्या लढाईच्या वेळी इराणच्या गादीवर होता तो पहिला आणि सिकंदरासमोरून पळाला तो तिसरा. पहिला वारला इ.स.पू. 486 मधे, तिसरा गादीवर आला इ.स.पू. 336 मधे, म्हणजे मधे तब्बल दीडशे वर्षं, त्यात इ.स.पू.ची वर्षं उलटी मोजायची असल्याने डोक्याचा अजूनच भुगा होतो. (मधला दुसरा दार्युशही होता, त्याने अथेन्सविरुद्ध स्पार्टाला पैसा पुरवला, पण तो या गोंधळात फारसा नसतो म्हणून सोडून देऊ.)

पहिल्याचं प्रकरण जबरदस्त आहे. इ.स.पू. 522 मधे गादी बळकावली, सगळीकडे बंडं उठली, ती सगळी चिरडली आणि मग पश्चिम इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांमधे स्वतःचा पराक्रम कोरून ठेवला. तो मजकूर जीव धोक्यात घालून उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन हा 1827 ला कंपनीच्या सैन्यात भरती होऊन आधी मुंबईला आलेला पोरगा, हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं. सुसा या राजधानीतल्या राजवाड्यासाठी हस्तिदंत कुठून कुठून आणलं तेही दार्युशाने लिहून ठेवलंय आणि त्या यादीत हिंदुश, म्हणजे सिंधूकाठचा प्रदेशही आहे.

ग्रीकांशी वाकडं आलं ते आयोनियातल्या बंडामुळे. आताच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची ही ग्रीक शहरं इराणच्या ताब्यात होती, ती इ.स.पू. 499 ला उठली, अथेन्स आणि एरेट्रिया या ग्रीक शहरांनी त्यांना जहाजं पाठवली आणि इराणच्या सुभ्याची राजधानी असलेलं सार्डिस शहर जळालं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की त्यानंतर दार्युशाने एका नोकराला कामच लावलं होतं, रोज जेवायला बसलं की तीनदा म्हणायचं, महाराज, अथेन्सवाल्यांना विसरू नका! आता खरं-खोटं हेरोडोटसलाच ठाऊक, पण किस्सा भारी आहे.

तरी गंमत म्हणजे इ.स.पू. 490 ला मॅरेथॉनच्या मैदानात हा स्वतः नव्हताच. सैन्य घेऊन गेले होते दातिस आणि आर्टाफर्नेस, त्यांनी आधी एरेट्रिया उद्ध्वस्त केलं आणि मग अथेन्सवाल्यांकडून मार खाल्ला. हेरोडोटसचे आकडे अथेन्सचे 192 मेले आणि इराणचे 6400. ग्रीकांनी याचा पुढे केवढा गाजावाजा केला, पण इजिप्तपासून सिंधूपर्यंत पसरलेल्या साम्राज्याला त्याने फार फरक पडला नाही असं माझं मत. दार्युश परत चढाईच्या तयारीला लागला होता, तेवढ्यात वारला आणि काम आलं मुलाकडे, झर्क्सिसकडे.

तिसऱ्याची केस पूर्ण उलटी, इथे चढाई करून आला तो सिकंदर. याच्या आधीच्या दोन राजांना बागोआस नावाच्या दरबारी खोजाने विष घातलं म्हणतात आणि याच्यावरही तोच प्रयोग करायला गेला तर याने तो प्याला त्यालाच प्यायला लावला. त्यामुळे याला सरसकट भित्रा म्हणतात ते मला पटत नाही. इ.स.पू. 333 ला इससला हा स्वतः सैन्य घेऊन उतरला, पण जागा समुद्र आणि डोंगराच्या मधली चिंचोळी पट्टी, तिथे जास्त माणसं असून काय उपयोग? हा पळाला आणि आई, बायको, मुली सगळ्या सिकंदराच्या हाती लागल्या. वरून त्या लढाईत याच्या बाजूने हजारो भाडोत्री ग्रीक लढत होते, म्हणजे ग्रीक विरुद्ध इराणी हा हिशोबही म्हणावा तितका सरळ नाहीये.

पुढच्या वेळी, इ.स.पू. 331 ला, याने गौगामेलाचं सपाट मैदान निवडलं, रथांना धावता यावं म्हणून जमीन साफ करून घेतली, पंधरा-एक हत्ती आणि हिंदी सैनिकही आणले, तरी परत हरला आणि परत पळाला. शेवटी इ.स.पू. 330 ला याच्याच बेसस नावाच्या सुभेदाराने याला कैद करून मारलं आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं.

सिकंदराने दार्युशाला राजाच्या इतमामाने पुरायला लावलं, बेससला पकडलं आणि त्याचं नाक-कान कापायचा हुकूम दिला. सोबतच्या ग्रीकांना हा प्रकार रानटी वाटणाराच होता, पण बेहिस्तूनच्या कड्यावर बघाल तर फ्रवर्तिश नावाच्या बंडखोराचं आपण नाक-कान कसे कापले हे पहिल्या दार्युशानेच अभिमानाने कोरून ठेवलंय.